केवढी होती मोरी?

उजव्या हाताचा पंजा ताठ करा. बोटं एकमेकांना चिकटवा. आता तो पंजा कपाळाच्या मधोमध उभा ठेवा, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा. जमलं? कोणी हसलं तर हसू दे. घरात हा तुरा असेल, पण पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी हिंडणाऱ्या माणसांच्या भाषेत हा शार्कच्या पाठीवरचा पर आहे. अर्थ असा : ‘तो बघ शार्क!’

स्कूबा डायव्हिंग करताना तोंडात हवेची नळी असते, त्यामुळे गप्पा मारायची सोय नाही. सगळं हातांनी बोलायचं. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की ‘ठीक आहे’. नुसता अंगठा वर केला तर ‘मस्त’ नव्हे हं, ‘वर चला’! तारकर्लीला शिकत होते तेव्हा सरांनी खुणेनं विचारलं, कसं वाटतंय? मी खुशीत अंगठा दाखवला आणि त्यांनी मला धरून थेट वर आणलं. असं दोनदा झालं.

मग मी सगळ्या खुणा घोकून पाठ केल्या. कपाळावरचा तुरा तेवढा सोडला, तोही मुद्दाम. गावाकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात, तसलाच प्रकार. ज्याचं नावच काढायचं नाही त्याची खूण कशाला शिका?

याचं मूळ मी चौथीत होते तेव्हाचं. काकाकडे ‘जॉज’ नावाच्या सिनेमाची व्हिडिओ कॅसेट होती. मुलांनी बघू नये असं काका म्हणाला, म्हणून तर आम्ही बघितली. त्यात एक भलामोठा शार्क पोहणाऱ्या माणसांना मटकावत सुटतो. त्यानंतर कितीतरी महिने मी आजोळच्या विहिरीच्या पायरीवरसुद्धा पाय पाण्यात सोडून बसत नव्हते. विहिरीत शार्क! पण भीतीला भूगोल कुठे येतो?

पुढे कळलं की तो शार्क यंत्राचा होता. सिनेमा १९७५ सालचा, दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग. त्या यांत्रिक शार्कचं सेटवरचं लाडाचं नाव ब्रूस. शूटिंग खऱ्या समुद्रात चाललं होतं आणि खारं पाणी लागलं की ब्रूस बंद पडायचा. शार्कच चालेना, तर दाखवणार काय? मग स्पीलबर्गनं नुसता समुद्र दाखवला, आणि त्यामागे ‘डं-डम, डं-डम’ असं दोन सुरांचं संगीत. शार्क दिसत नाही म्हणून आपण जास्तच घाबरतो! म्हणजे माझी इतक्या वर्षांची भीती एका बिघडलेल्या यंत्रानं घातलेली होती. ज्यांच्या कादंबरीवरून तो सिनेमा निघाला ते पीटर बेंचली पुढे शार्क वाचवा म्हणून सांगत फिरले.

खरी गंमत तर पुढेच आहे. मी ज्या आजोळच्या विहिरीला घाबरत होते, मालवणच्या त्याच घरात दर सुट्टीत आम्ही शार्क खात होतो. मिटक्या मारत.

कोकणात लहान शार्कला मोरी म्हणतात, कुठे मुशी म्हणतात. आमच्या घरी मोरीचं मटण झालं की आम्हा पोरांची चंगळ, कारण त्यात काटे नसतात. का नसतात? कारण शार्कच्या अंगात हाडच नसतं. सगळा सांगाडा कूर्चेचा. कूर्चा म्हणजे काय ते बघायला कानाचा वरचा भाग दुमडा आणि सोडा. दुमडला पण मोडला नाही ना? तीच कूर्चा. सांगाडा हलका, म्हणून पोहायला सोपा.

मोरी साफ करणं मात्र आजीचं काम. ती मोरीवर कढत पाणी ओतायची आणि सुरीनं वरची खर खरवडून काढायची. एकदा मी पाणी ओतायच्या आधी मोरीवर हात फिरवला. डोक्याकडून शेपटीकडे गेला तेव्हा गुळगुळीत लागलं. उलटा फिरवला आणि बोटं खसकन मागे घेतली, नुसता काचपेपर! ती खर म्हणजे काय, सांगू? इवले इवले दात. अगदी आपल्या दातांसारखी रचना असते त्यांची, आत मऊ गर आणि वर कठीण कवच. शार्कच्या तोंडात दात असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या अंगभरही दातच असतात. ते चावायला नसतात, पाणी अंगावरून सुळकन सरकावं म्हणून असतात.

इतकं सगळं हाताखालून गेलं, पण मोरी म्हणजे मोरी आणि शार्क म्हणजे शार्क, या दोघांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडलीच नव्हती. ती पडली कॉलेजात गेल्यावर. मी धावत जाऊन आजीला सांगितलं की अगं, मोरी म्हणजे शार्क, मला शार्कची भीती वाटते! आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अगो, मोरयेक कसला भियातंस? तू तिका खातंस, ती तुका नाय!”

आजीचं बरोबर होतं, पण बरोबर असलेलं पटायला वेळ लागतो. मला कडमतला जावं लागलं.

कडमत हे लक्षद्वीपमधलं एक बेट. लांबच लांब, पण रुंदी जेमतेम अर्धा किलोमीटर. एका किनाऱ्यावरून निघून दुसऱ्यावर पोचायला आइस्क्रीम संपायच्या आतला वेळ. भोवती प्रवाळ, आणि पाणी इतकं स्वच्छ की होडीतून तळ दिसतो. आम्ही चौघं होडीच्या काठावरून पाठमोरे पाण्यात पडलो. खाली जाताना दर थोड्या वेळानं नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, म्हणजे कानावरचा दाब मोकळा होतो. दहा मीटरवर गेलं की अंगावर वरच्यापेक्षा दुप्पट दाब असतो. पाठीवरच्या टाकीत नुसता ऑक्सिजन असतो असं पुष्कळांना वाटतं. नाही हो, आपण आत्ता घेतोय तीच साधी हवा असते, फक्त दाबून दाबून भरलेली. ती किती उरली ते एका काट्यावर दिसतं. सुरुवात दोनशेला होते.

चौदा मीटरवर सर माझ्याकडे वळले आणि त्यांनी पंजा कपाळावर उभा धरला.

मला वाटलं, यांचं डोकं दुखतंय.

मी खुणेनं विचारलं, ठीक आहे ना? त्यांनी पुन्हा तुरा केला आणि बोट दाखवलं. प्रवाळाची एक छपरी होती, तिच्याखाली पांढरी वाळू, आणि वाळूवर पोट टेकून ती पडली होती. करड्या रंगाची. पाठीवरच्या पराचं आणि शेपटीचं टोक चुन्यात बुडवल्यासारखं पांढरंफेक. डोळा मांजरासारखा, उभ्या बाहुलीचा. पांढऱ्या टोकाची प्रवाळ-मुशी! हिचा दिवस आराम करण्यात जातो आणि शिकार रात्री चालते.

माझ्या छातीत ‘डं-डम, डं-डम’ सुरू झालं. आणि पाण्याखाली घाबरण्यात एक मोठी अडचण असते. घाबरलं की श्वास भराभर चालतो, श्वास भराभर चालला की हवा भराभर संपते. काट्याकडे बघितलं तर तो घसरत होता. श्वास रोखून धरावा म्हटलं तर तेही नाही, कारण स्कूबामध्ये श्वास कधीच रोखायचा नसतो. रोखून वर सरकलात तर आतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. सरांनी तळहात खाली-खाली नेऊन दाखवला : हळू, हळू.

कसं हळू? मी समोर बघितलं. मुशीचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. उघडत होतं, मिटत होतं. शार्क पोहायचा थांबला की मरतो असं ऐकलेलं, ते काही शार्कच्या बाबतीत खरं आहे. त्यांना कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवायला पोहत राहावं लागतं. ही मात्र एका जागी बसून तोंडानं पाणी आत ओढते आणि कल्ल्यांवरून बाहेर सोडते. थोडक्यात, तीही श्वासच घेत होती, आणि माझ्यापेक्षा किती निवांत! मी तिच्याकडे बघत श्वास लांबवायला लागले. ती दोनदा तोंड उघडेपर्यंत आत, पुढच्या तीन वेळांत बाहेर. किती वेळ गेला कोण जाणे. काटा घसरायचा थांबला नाही, पण सावकाश चालायला लागला.

मग मला तिचं नाक नीट दिसलं. नाकाभोवती बारीक काळे ठिपके, कोणी टाचणीनं टोचल्यासारखे. ही भोकं लोरेंझिनी नावाच्या इटालियन माणसानं १६७८ साली नीट पाहून नोंदवली. आत दाट जेलीसारखं काहीतरी भरलेलं असतं. पण ती असतात कशाला? हे कोडं जवळजवळ तीनशे वर्षं पुरलं.

ते सोडवण्यात मोठा वाटा काल्माइन या डच शास्त्रज्ञाचा, आणि त्यांनी वापरलं काय, तर आगर, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं चायना ग्रास! त्यांनी एक चपटा मासा, आपल्या लेप्यासारखा, आगरच्या पेटीत ठेवला आणि पेटी वाळूत पुरली. वाळूखाली मासा दिसत नव्हता, आणि आगरमुळे त्याचा वासही शार्कपर्यंत पोचत नव्हता. तरी छोटा शार्क आला आणि नेमका माशावरच तुटून पडला. मग त्यांनी पेटीवर प्लॅस्टिकचा पातळ कागद टाकला. आगरमधून वीज जाते, प्लॅस्टिकमधून जात नाही. शार्क वरून खुशाल निघून गेला! शेवटी मासा काढूनच टाकला आणि वाळूत दोन तारांची टोकं पुरून अगदी क्षीण वीज सोडली. शार्क आला आणि ती तारच उकरायला लागला. हे सगळं १९७१ मध्ये छापून आलं. प्रत्येक जिवंत प्राण्याच्या अंगात थोडी थोडी वीज खेळत असते, आणि ती शार्कला नाकाभोवतीच्या त्या टोचलेल्या भोकांनी कळते.

म्हणजे माझ्या छातीतली ‘डं-डम’ही तिला कळत होती? नाही. विजेचा हा सुगावा हातभर अंतरापर्यंतच लागतो, आणि मी चांगली चार मीटरवर होते. पण माझे बुडबुडे तिला नक्की ऐकू येत होते. आमच्यातल्या एकानं जरा पुढे सरकून मोठा श्वास सोडला, बुडबुड्यांचा गलका झाला, तशी ती कंटाळल्यासारखी उठली. शेपटीचा एक हेलकावा आणि निळ्यात विरघळली. मला वाईट वाटलं, चक्क!

आता खरं ते खरं सांगते. शार्कच्या पाचशेहून जास्त जाती आहेत, आणि सगळे असे आळशी नसतात. ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल या तिघांपासून जपूनच राहायचं. पण जगभरात शार्क माणसाला आपणहून चावल्याचे प्रसंग वर्षाला साठ-सत्तरच्या आसपास असतात, आणि त्यातले बहुतेक जण वाचतात. माणसं वर्षाला किती शार्क मारतात, माहितीये? शास्त्रज्ञांचा अंदाज आहे सुमारे दहा कोटी. डायनासोरच्याही आधीपासून समुद्रात असलेला प्राणी, आणि त्याला पिल्लं होतात थोडीच. आपल्याकडच्या देवमुशीला, म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या माशाला, २००१ पासून कायद्यानं संरक्षण आहे. ती बसएवढी मोठी, आणि खाते काय, तर पाण्यातले बारीक बारीक जीव. मी स्वतः मोरी खायची सोडली. मामाला ते अजून पटलेलं नाही, आणि माझ्या वाटची वाटी तो आनंदानं घेतो.

कडमतहून मी सरळ मालवणला गेले. आजीनं पहिला प्रश्न केला, “केवढी होती?”

मी दोन्ही हात जितके पसरता येतील तितके पसरले. मग आठवलं. पाण्याखाली काचेच्या चष्म्यातून बघताना प्रकाश वाकतो आणि सगळं एक तृतीयांशानं मोठं दिसतं; दीड मीटरची मुशी दोन मीटरची वाटते. मी हात जरा आत घेतले. मग आणखी जरा.

आजीनं चष्म्यावरून माझ्या हातांकडे बघितलं.

“इतकीच? बाजारात हेच्यापेक्षा मोठी येता.”