चाल सुचली, तरी हात मांडीवर

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. बुद्धिबळातल्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा आणि अखेरचा डाव. डिंग लिरेननं ५५व्या चालीला हत्ती एफ-२ वर आणला. त्याचा भारतीय प्रतिस्पर्धी गुकेश आपला हत्ती बी-३ वर नेण्याच्या बेतात होता, असं त्यानंच पुढे सांगितलं. तेवढ्यात त्याला कोपऱ्यात अडकलेला डिंगचा उंट दिसला. हत्तींची अदलाबदल केली की उंटांचीही होणार होती, आणि मग उरलेल्या प्याद्यांवर डाव जिंकता येत होता. आणखी तीन चालींत डिंगनं डाव सोडला.

परभणी, सेलू, गंगाखेडला बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांना हा प्रसंग पटावर मांडून दाखवावा. समोरच्यानं चाल केली, की आपण लगेच आपल्याच बेताकडे वळतो. पहिला प्रश्न मात्र हवा: या चालीनं काय बदललं? कोणतं घर सुटलं, कोणतं मोहरं उघडं पडलं? मग दोन-तीन पर्यायी चाली निवडायच्या. रशियन ग्रँडमास्टर कोटोव्ह यांनी याच शिस्तीवर पुस्तक लिहिलं. शेवटी, चाल ठरल्यावर पट नव्यानं पाहायचा: मला शह बसतो का, काही मारलं जातं का?

ही शेवटची पायरीच सर्वांत जास्त गाळली जाते. २००६ मध्ये बॉनला संगणकाविरुद्ध खेळताना क्रामनिकसारख्या जगज्जेत्यालाही एका चालीतली मात दिसली नव्हती. पूर्वी काही खेळाडू चाल आधी कागदावर लिहून मग पट तपासत. आता नियमानं तसं लिहिता येत नाही. तपासणी मनातच करावी लागते.

मोबाइलवरच्या तीन मिनिटांच्या डावांत ही सवय लागत नाही, हे मला ठामपणे वाटतं. वेगवान डावही जिंकावे लागतात, हे खरं. नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. क्लासिकल प्रकारातले दोन्ही डाव बरोबरीत सुटले, निकाल जलद डावांत लागला. पण घड्याळ पळत असताना विचार नीट चालावा, तर तो आधी सावकाश डावांत मुरलेला लागतो.

म्हणून आठवड्यातून निदान एक डाव तासाभराचा खेळावा. चालींसोबत घड्याळातली वेळही लिहावी. हरलेल्या डावात, चूक झाली तिथे आपण नेमका काय विचार करत होतो, हे आधी स्वतःच्या शब्दांत वहीत उतरवावं. चाली तपासणारं संगणकाचं इंजिन त्यानंतर सुरू करावं.