मिरी लवंगला ओळखेना

आज ट्रे सोडून गादीवर शू करणाऱ्या मांजरांबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मध्येच डोंबिवलीच्या एका ताईंचं पत्र आलं आणि ते वाचल्यापासून डोक्यात दुसरं काही येईना.

त्यांच्याकडे मिरी आणि लवंग या एकाच वेताच्या दोन बहिणी आहेत. तीन वर्षं एका टोपलीत झोपल्या, एकमेकींची डोकी चाटत वाढल्या. लवंगला गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी सकाळी दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळी घरी आणलं. पिंजऱ्याचं दार उघडलं. लवंग झोकांड्या खात बाहेर आली. मिरी शेपूट उभी करून पुढे गेली, तिने एकदा हुंगलं आणि पाठीची कमान करून अशी फिस्कारली की ताई दचकून मागे सरल्या. दुसऱ्या दिवशी तिने लवंगला कपाटामागे कोंडून घातलं. पाण्याच्या भांड्यापर्यंतही येऊ देईना. ताई विचारतात, दिवसभर सगळं घर लवंगच्या काळजीत होतं, त्याचा मिरीला मत्सर वाटला का? आणि शेजारच्या काकू म्हणतात तसं दोघींना एका खोलीत बंद केलं तर त्यांचं त्या मिटवतील का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: अजिबात नको. पहिल्याचं उत्तर असं, की मिरीला मत्सर वाटला नाही. तिच्या दृष्टीने लवंग घरी आलेलीच नाही. लवंगसारखी दिसणारी कुणीतरी परकी घरात शिरली आहे.

आपल्याला हे पटत नाही, कारण आपण डोळ्यांनी ओळखणारे. मांजराला दूरची हालचाल छान टिपता येते, पण वीतभर अंतराच्या आतलं नीट दिसत नाही. ओळखीचा शेवटचा शिक्का नाकच मारतं. गाल, हनुवटी, कपाळ, शेपटीचं मूळ आणि पंजे अशा ठिकाणी मांजराला गंधग्रंथी असतात. ते तुमच्या पोटरीला, दाराच्या कडेला, दुसऱ्या मांजराच्या मानेला गाल घासतं तेव्हा स्वतःचा वास तिथे ठेवतं आणि तिथला थोडा घेऊन जातं. असं रोज घासून घासून घरातल्या सगळ्यांचा मिळून एक वास तयार होतो. प्रत्येक घरच्या गोड्या मसाल्याला आपापला वास असतो ना, तसा. तो ज्याच्या अंगाला, तो आपला. शिवाय टाळूत, वरच्या पुढच्या दातांच्या मागे, वास तपासण्याचं आणखी एक इंद्रिय मांजराला असतं. डेन्मार्कच्या लुडविग याकोबसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं वर्णन केलं. बोका कुठेतरी हुंगून वरचा ओठ मुडपतो आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून क्षणभर थिजतो, तेव्हा हेच इंद्रिय कामाला लागलेलं असतं.

आता लवंगच्या अंगावर त्या संध्याकाळी काय काय होतं ते मोजा. स्पिरिट, भुलीचं औषध, डॉक्टरांचे हातमोजे, टेबल पुसायचं जंतुनाशक, शेजारच्या पिंजऱ्यातला कुत्रा आणि तिची स्वतःची भीती. घाबरलेल्या मांजराचाही वेगळा वास येतो. घरचा वास या सगळ्याखाली गाडला गेला. वर ती चालतेय वेडीवाकडी, बुबुळं मोठी झालेली, आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर. नाक सांगतंय परकी आणि चालही सांगतेय परकी. मिरीने दुसरं काय करावं?

परक्या मांजराला हाकलणं हा बहुतांशी बायकांचा कारभार असतो, हे मला फार आवडतं. सत्तरच्या दशकात डेव्हिड मॅकडोनल्ड आणि पीटर अ‍ॅप्स यांनी इंग्लंडमध्ये डेव्हनच्या एका शेतावर मांजरं काय करतात ते धीराने बघितलं. नात्यातल्या माद्या एका जागी पिल्लं वाढवत, एकमेकींच्या पिल्लांना दूध पाजत, आणि बाहेरचं मांजर आलं की त्याला पिटाळत. आपल्या मासळीबाजारांतल्या टोळ्याही जरा वेळ बसून पाहा, हेच दिसेल. म्हणजे मिरी बिघडलेली नाही. ती तिच्या आज्यापणज्यांची रीत चोख पाळते आहे, फक्त चुकीच्या मांजरावर.

खरी अडचण पुढे येते. कुत्री भांडतात आणि मग त्यांच्यात शेपूट खाली घालणं, पोट दाखवणं, तोंड चाटणं असं समेटाचं बरंच काही चालतं. मांजरांकडे यातलं जवळजवळ काही नाही. त्यांचा पूर्वज, आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर, एकटं राहणारं, एकटं शिकार करणारं. भांडण झालं की दूर निघून जायचं, एवढंच त्याला माहीत. डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये दूर कुठे जाणार? म्हणूनच काकूंचा सल्ला घातक आहे. एका खोलीत कोंडलं की पळायची वाट बंद होते आणि एका संध्याकाळचा गैरसमज कायमचं वैर होऊन बसतो.

तेव्हा मांजराचाच उपाय वापरायचा: अंतर. घरी आणल्या आणल्या दवाखान्यातून आलेलीला वेगळं ठेवा. बेडरूम नसेल तर बाथरूम चालेल, पण तिथे फिनेल किंवा डेटॉल मारू नका. त्यातली फिनॉल गटातली रसायनं पचवायला लागणारं एंझाइम मांजराच्या यकृतात जवळजवळ काम करत नाही, आणि पंजांना लागलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं. आत वाळूचा ट्रे, पाणी, खाणं आणि घरातली जुनी, न धुतलेली चादर ठेवा. न धुतलेलीच, कारण तुम्हाला धुवायचा आहे दवाखाना, घर नाही. भूल पूर्ण उतरेपर्यंत, निदान रात्रभर, दार बंद. मग एक कोरडं फडकं घरच्या मांजराच्या गालांवर फिरवा आणि तेच आलेलीच्या गालांवर, पाठीवर. टाक्यांच्या जवळ मात्र जाऊ नका. पुन्हा उलट करा. अंथरुणं अदलाबदल करा. बंद दाराच्या दोन बाजूंना दोघींना खायला द्या, आवडीचं काही. दाराखालून हुंगून फिस्कारणं थांबलं की दार बोटभर उघडा. घाई झाली असं वाटलं तर पुन्हा लावा. बहुतेक घरांत प्रकरण काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत निवळतं. एकदा खरीखुरी मारामारी झाली असेल तर आठवडे लागतात.

अंघोळ घालायचं डोक्यात आणू नका. टाके ओले होतील, आणि शाम्पूचा वास म्हणजे तिसरीच बाई. एकीला मांडीवर घट्ट धरून दुसरीपुढे न्यायचं तर नाहीच. भिंतीत लावायचे फेरोमोनचे डिफ्युजर मिळतात. गालाच्या ग्रंथींतल्या रसायनांवर फ्रान्सच्या पॅट्रिक पाजा यांनी केलेल्या कामातून ते निघाले. त्यांच्या उपयोगाबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. माझं म्हणाल तर आधी फुकटचं फडकं, मग पैशांचा डिफ्युजर. आणि पुढच्या खेपेला पिंजऱ्यात घरची चादर घाला, वरून कापड टाका. नुसती लस टोचायची असेल तर दोघींना एकदमच न्या. दोघींनाही दवाखान्याचा वास आला की तक्रार कोण करणार?

ताईंना फोनवर हे सगळं सांगितलं. परवा कळलं की दोघी शेजारी बसून जेवतात, टोपली मात्र अजून एकीचीच आहे. चालायचंच.

याच भांडणाचा एक सख्खा भाऊ आहे, त्याचंही आताच उरकतो. घरातून कुणी कुठेच गेलेलं नाही, तरी शांत मांजर अचानक दुसऱ्यावर किंवा थेट तुमच्या पोटरीवर तुटून पडतं. खिडकी तपासा. गॅलरीच्या ग्रिलपाशी एखादा परका बोका येऊन बसला होता का? त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, म्हणून राग जो जवळ आहे त्याच्यावर निघतो. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २००८ साली अशी प्रकरणं तपासली तेव्हा दोन कारणं ठळकपणे पुढे आली: मोठा आवाज आणि दुसऱ्या मांजराशी पडलेली गाठ. दिवाळीच्या आठवड्यात आपल्याकडे दोन्हींचा सुकाळ. असं मांजर तासन्‌तास तापलेलं राहतं. त्या वेळी उचलून घेऊन समजूत काढायची नाही. दिवा मालवा, दार लावा, जा.

वास नाही, खिडकी नाही, आवाजही नाही, तर मग दुखणं शोधा. बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे पाहून २००२ साली निघालेला निष्कर्ष असा, की नव्वद टक्के मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज होती. म्हातारं मांजर सोबत्यावर खेकसतं ते पुष्कळदा त्याने कमरेला धक्का दिला म्हणून. दात, थायरॉइड, रक्तदाब हेही याच रांगेतले. मात्र घरातली पॅरासिटामोल कधीच देऊ नका. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

चावा तुम्हाला बसला असेल तर मानसशास्त्र नंतर. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीज मांजरालाही होतो आणि मांजरापासून माणसालाही. बाहेर फिरणारं, लस न घेतलेलं मांजर एकाएकी बिथरलं असेल तर ही शंका सगळ्यात आधी घ्यायची.

पुढच्या आठवड्यात ट्रे, नक्की. पण त्यातली एक गोष्ट आठवडाभर थांबणारी नाही. तुमचा बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि वाळू कोरडीच आहे, तर लोक बद्धकोष्ठ समजून त्याला तूप चाटवतात. तो बहुधा तुंबलेला मूत्रमार्ग असतो. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबतं आणि दोन-तीन दिवसांत मांजर जातं. माझ्या लेखाची वाट पाहू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा.