बँकेच्या तीन पायऱ्या

मे महिन्याच्या सुट्टीत आजीला घेऊन बोईसरच्या एका बँकेत गेलो होतो. काम साधंच, पेन्शनचं. पण दारात तीन पायऱ्या, धरायला कठडा नाही! आजी रिक्षातच बसून राहिली आणि मी फॉर्म घेऊन चार वेळा वर-खाली केलं. सिव्हिलचा विद्यार्थी असल्यामुळे डोक्यात किडा वळवळला : बँकेची इमारत अशी का असते?

सुरुवात मुंबईपासून करू. १८६५ मध्ये शेअर बाजार कोसळला, कर्जे बुडाली आणि १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे बंद पडली. तेव्हा ठेवींना विमा नव्हता. लोकांचा विश्वास बसावा म्हणून फोर्टातल्या बँकांनी दगडी भिंती, उंच खांब आणि जाडजूड दरवाजे उभारले. "आम्ही कुठे पळून जात नाही," हे इमारतच सांगायची!

पुढे १९६२ मध्ये ठेव विमा आला. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. विश्वासाची हमी सरकारने घेतली, मग खांब हवेत कशाला? शाखा गावोगावी भाड्याच्या गाळ्यांत गेल्या. त्याच वर्षी आपल्याकडे तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, नंतर एमआयडीसी वाढली आणि पगारदारांची गर्दी झाली. बँकेची ओळख आता लोखंडी जाळी, पितळी टोकन आणि नावाची पाटी एवढीच उरली.

गाळा मात्र शक्यतो तळमजल्याचाच. कारण उघड आहे. घरगुती स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरून डिझाइन करतात. तिजोरी आणि लॉकरची कपाटे त्याला झेपणार नाहीत.

आणि तळमजला म्हटला की आपला पाऊस आला. पाणी आत शिरू नये म्हणून जोते उंच, म्हणून पायऱ्या!

१९८७ मध्ये मुंबईत देशातले पहिले एटीएम बसले. पुढे आपल्याकडेही जाळी गेली, काच आली, काउंटर टेबलाच्या उंचीवर आले. आता यूपीआयमुळे गर्दीही कमी झाली. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये एटीएमला रॅम्प करायला सांगितले. पण हिशोब करून बघा. १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटीमीटर. १:१२ उताराने रॅम्प लागतो ५.४ मीटर. गाळ्यापुढे एवढी जागा असते कुठे? मग कुणीतरी दीड मीटरचा घसरगुंडीछाप रॅम्प टाकतो आणि मोकळा होतो.

उपाय आहे. रॅम्प सरळ रस्त्यावर न काढता दर्शनी भिंतीला समांतर न्यायचा, दोन्ही बाजूंना कठडा द्यायचा. मात्र हे नकाशातच ठरवावे लागते, नंतर सुचून उपयोग नाही.

मित्रांनो, उद्या हे नकाशे आपणच काढणार आहोत. मोबाईलवर पैसे पाठवणाऱ्याला बँकेची पायरी चढावी लागत नाही. ज्याला चढावी लागते, तो बहुधा माझ्या आजीच्याच वयाचा असतो. तेवढं लक्षात ठेवा, म्हणजे झालं.