एटापल्लीच्या धुळीत आपला वाटा कोणता?

गडचिरोली जिल्ह्यातले एटापल्ली हे तालुक्याचे ठिकाण असले तरी ते जंगलाच्या पोटातले बाजारगाव. मे महिन्यातला तेंदूपानांचा हंगाम, बांबूची कटाई, वनखात्याचे कूप आणि मोहफूल यांवर इथले वर्ष चालायचे. तेंदूच्या फळीवरचे पैसे हाती आले की दुकानाची उधारी फिटायची. आज याच गावात ट्रक किती आले-गेले यावर दिवसाचा धंदा मोजला जातो.

सुरजागडच्या डोंगरातील 348 हेक्टरांवरचा लोहखनिजाचा पट्टा लॉइड्स मेटल्सला 2007 मध्ये मिळाला. 2016 मध्ये खोदकाम सुरू झाले. त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी तिथली वाहने जाळली आणि काम थांबले. 2021 पासून ते पुन्हा जोरात सुरू झाले आणि 2023 मध्ये वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टन उत्खननाला परवानगी मिळाली. त्यासाठीची जनसुनावणी ऑक्टोबर 2022 मध्ये झाली ती कुठे, तर दूर गडचिरोलीत, जिल्ह्याच्या मुख्यालयी! नियम म्हणतो, सुनावणी प्रकल्पाच्या ठिकाणी किंवा त्याच्या जवळ घ्या. ज्याच्या अंगणात धूळ पडते त्याने आपले म्हणणे मांडायला रोजी बुडवून जिल्ह्याला जायचे, हा कुठला न्याय?

आपण आंबेडकरवादी आहोत. कारखान्याच्या नावाने बोटे मोडणे हे आपले काम नव्हे. शेतीवरचा माणसांचा भार कमी करायचा तर औद्योगिकीकरण हवे, हे बाबासाहेबांनी 1918 मध्येच लिहून ठेवले. जंगलातल्या गरिबीचे गोडवे शहरातल्या लोकांनी खुशाल गावेत. पण त्याच बाबासाहेबांनी 1947 च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या मसुद्यात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले, हे सोयीस्कर विसरले जाते. तेव्हा गावातल्या तरुणाला खाणीवर काम मिळाले याचा आनंद जरूर मानावा, पण त्याला एक प्रश्न विचारावा: तुझे नेमणूकपत्र कुठे आहे, आणि त्यावर सही कंपनीची आहे की ठेकेदाराची? 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितेनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे.

हा प्रश्न आजच का, तर जुलै 2025 मध्ये हेडरीहून कोनसरीच्या कारखान्यापर्यंत नळातून खनिज नेण्याची व्यवस्था सुरू झाली. उद्या ट्रक कमी झाले तर धूळ आणि अपघात कमी होतील, चांगलेच आहे. पण कर्ज काढून गाडी घेतलेला, पंक्चरचे दुकान टाकलेला, रस्त्याकाठी चहाची टपरी लावलेला माणूस कुठे जाईल? तेंदूची फळी तर त्याने केव्हाच सोडली.

आता हक्काची बाजू पाहू. याच जिल्ह्यात मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला 2009 मध्ये 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने तिच्या हाती आले. एटापल्ली मात्र 2015 मध्ये नगरपंचायत झाली. गावाला वाटले बढती झाली. प्रत्यक्षात पेसाचा आधार असलेली ग्रामसभाच गेली. अनुसूचित क्षेत्रात नगरपालिकांचे प्रकरण संसदेच्या कायद्याशिवाय लागू होत नाही, असे घटनेचे कलम 243 झेडसी सांगते. त्यासाठी 2001 मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक कायदा झाले नाही. तरीही नगरपंचायत झालीच! माझ्या मते वनहक्क कायद्यातील गावाची व्याख्या टोल्या-पाड्यालाही लागू पडते, म्हणून प्रभागातल्या वस्तीने ग्रामसभा म्हणून दावा दाखल करावा. फेटाळला तर निदान कारण लेखी मिळेल.

या भागातील बौद्ध कुटुंबांची अडचण वेगळी आहे. आदिवासी बांधवाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा कब्जा दाखवला की पुरते. आपल्याला 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, म्हणजे थेट 1930 पासूनचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. हा मुलूख 1951 पर्यंत जमीनदारीत होता. 1930 चा सरकारी कागद आणायचा कुठून? माडिया-गोंड समाजाशी यात आपले भांडण नाही, असूही नये. भांडण आहे ते कागदासाठी अडवणाऱ्या कचेरीशी. कायद्यात 75 वर्षांचे वास्तव्य म्हटले आहे, त्याच तुकड्यावरचा कब्जा नव्हे. कागदाचा एखादा विशिष्ट प्रकारच हवा असा आग्रह उपविभागीय किंवा जिल्हा समितीला धरता येत नाही, असे 2012 च्या सुधारित नियमांतील 12-अ सांगतो. नियम 13 प्रमाणे वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा आहे. मात्र ते दावेदाराचे स्वतःचे नसावे आणि सोबत आणखी एक पुरावा हवा.

खनिजाच्या रॉयल्टीतून जिल्हा खनिज प्रतिष्ठानला पैसा जातो. 12 जानेवारी 2015 पूर्वीच्या पट्ट्यांसाठी हा वाटा रॉयल्टीच्या 30 टक्के आहे. त्यातून एटापल्लीच्या कोणत्या वस्तीत नळ आला, याचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागता येतो.

पण आधी म्हाताऱ्या माणसांकडे जावे. 1930 च्या वस्तीबद्दल आपल्या आई-बापाकडून ऐकलेले सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. शेजारच्या घरातील दोन वडीलधाऱ्यांची निवेदने या पावसाळ्याआधी लिहून घ्यावीत, अंगठा आणि साक्षीदारांच्या सह्यांसह. ग्रामसभेच्या निर्णयाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे दाद मागायची मुदत प्रत्येकी 60 दिवसांची असते.