छातीवर बांधलेली हवा

१९७८ चा मोसम. डॅन पास्टोरिनी बरगड्या मोडून घेऊन ह्यूस्टनच्या एका रुग्णालयात पडला होता. ‘ह्यूस्टन ऑइलर्स’ या अमेरिकन फुटबॉल संघाचा तो क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातून संघाची जवळजवळ प्रत्येक चाल सुरू होते तो माणूस. मोडलेल्या बरगडीला प्लास्टर घालता येत नाही. श्वास घेतला की ती हलते, खोकला आला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. दुखणं दाबायची इंजेक्शनं घ्यायची आणि हाड आपलं आपण सांधेपर्यंत थांबायचं, एवढंच हातात असतं. पास्टोरिनीला थांबायला सवड नव्हती. बाद फेरी तोंडावर आली होती.

अशात लांब कोट घातलेले दोन अनोळखी इसम त्याच्या खोलीत शिरले. एकाच्या हातात बेसबॉलची बॅट. पुढे काय झालं ते पास्टोरिनीने नंतर कितीदा तरी सांगितलं आहे. दोघांपैकी एकाने आपली कूस मोकळी केली आणि दुसऱ्याने ती बॅट उचलून त्याच्या बरगड्यांवर हाणली. मार खाणाऱ्याने हूं की चूं केलं नाही. त्याच्या अंगात एक जाकीट होतं. दोघांतला एक होता बायरन डॉन्झिस, ह्यूस्टनचाच एक संशोधक, आणि जाकीट त्याने तयार केलेलं होतं. पास्टोरिनीने ते तिथल्या तिथे मागितलं.

मला या प्रसंगात धाडसापेक्षा शहाणपण जास्त दिसतं. रोज शंभर किलोंच्या माणसांशी टक्कर घेणाऱ्याला आलेख दाखवून पटत नाही. त्याच्यापुढे कुणीतरी मार खाऊन उभं राहावं लागतं.

हा मार कुठून येतो, ते आधी पाहू. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पायापेक्षा हातातच जास्त असतो आणि चेंडू घेतलेल्या माणसाला जमिनीवर पाडणं हा खेळाचा गाभा आहे. पाडायचं ते खांद्याने. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमांचा, आणि तरी फलंदाज पायापासून डोक्यापर्यंत बंदोबस्त करून उतरतो. इथे धडकणारी वस्तू म्हणजे धावत येणारा आख्खा माणूस. आरंभीच्या खेळाडूंकडे याला उत्तर नव्हतं. चामड्याच्या आणि जाड नमद्याच्या घड्या सदऱ्याच्या खांद्यावर शिवून घेत, त्यावर भागवत. १९०५ च्या मोसमात अमेरिकेत किमान १८ खेळाडू मेले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं आणि खेळ सुधारा असं सांगितलं.

पुढच्याच वर्षी, १९०६ साली, नियम बदलले. त्यांतला सगळ्यांत मोठा बदल म्हणजे चेंडू पुढे फेकायला मिळालेली परवानगी. हेतू असा, की माणसांचे गठ्ठे एकमेकांवर कोसळायचे थांबावेत, खेळ मैदानभर पसरावा. तो बऱ्याच अंशी पसरलाही. पण जीव वाचवायला केलेल्या या बदलातून पुढे एक नवा उघडा माणूस तयार झाला. चेंडू लांब फेकायचा तर हात डोक्याच्या वर, मागे न्यावा लागतो. नजर पन्नास-साठ फूट पुढच्या सहकाऱ्यावर असते. त्या क्षणी फेकणाऱ्याची एक बाजू काखेपासून कमरेपर्यंत सताड उघडी पडते, आणि समोरच्या संघाला त्याच क्षणी तिथे पोहोचायचं असतं. पास्टोरिनी मोडला तो या जागी उभा राहून. १९७१ च्या खेळाडू-निवडीत तो तिसऱ्याच क्रमांकावर उचलला गेला होता, तेव्हापासून बहुतेक काळ ही जागा त्याचीच होती.

मधल्या सत्तर वर्षांत खांद्याचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला होता. वाचकाने आपल्याच खांद्याच्या टोकावर बोट ठेवून पाहावं. गळ्याखालचं आडवं हाड, ज्याला डॉक्टर कॉलर बोन म्हणतात, ते बाहेरच्या टोकाला खवाट्याच्या एका शिंगाला येऊन भिडतं. तिथे बोटाला बारीकसा उंचवटा लागतो. त्या सांध्यावर मांस जवळजवळ नाही, कातडीखाली थेट हाडच. खांद्याने धडक मारायची म्हणजे याच टोकाने मारायची, आणि बाजूवर आदळलं तर जमिनीला लागतं तेही हेच टोक. त्यावर कितीही जाड गादी ठेवली तरी मार अखेर तिथेच पोहोचतो.

यावर निघालेली युक्ती मला फार सुंदर वाटते: सांध्यावर काही ठेवूच नये. दुसऱ्या महायुद्धानंतर टणक प्लास्टिक सर्रास मिळू लागलं, तेव्हा खांद्याच्या पॅडला प्लास्टिकचं कवच आलं. या कवचाखाली एक कमान बसवली. कमानीचं एक टोक छातीच्या बाजूला टेकतं, दुसरं पाठीच्या, आणि मधला भाग सांध्यापासून थोडा अधांतरी राहतो. वरून दणका बसला की कमान तो पुढे छातीच्या आणि मागे पाठीच्या मांसल भागांवर उतरवते, नाजूक सांधा तसाच सुटतो. म्हणून पॅडचं माप घेताना पाठीमागून एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेप लावतात. पॅड चढवल्यावर कमान आणि सांधा यांच्यामध्ये मोकळी जागा उरली आहे का, हे हात घालून तपासतात. काखेखालचे पट्टे सैल राहिले तर पहिल्या धडकेतच कवच सरकतं आणि कमान नेमकी सांध्यावर येऊन बसते. मग ती नसती तर बरं, अशी गत होते. पट्टा ओढून घेण्याचं ते अर्ध्या मिनिटाचं काम पॅडच्या साऱ्या रचनेइतकंच मोलाचं आहे.

पण कमानीला टेकायला जागा लागते. बरगड्यांवर अशी जागा नाही. तिथे सगळीकडे पातळ, वाकणारी हाडं, आणि त्यांच्या आत फुप्फुस. शिवाय कवच मोठं करून खाली बरगड्यांपर्यंत आणलं तर क्वार्टरबॅकचा हातच वर जाणार नाही, आणि फेकता न येणारा क्वार्टरबॅक संघाच्या काय कामाचा? म्हणून त्याचे पॅड मुळातच सगळ्यांत आटोपशीर. ज्याच्या अंगावर सगळे तुटून पडतात, त्याच्याच अंगावर सगळ्यांत कमी संरक्षण.

फोमची गादी बांधावी म्हटलं तर फोमचे प्रकार दोन. एकात प्रत्येक बुडबुडा आपापल्या जागी बंद असतो. असा फोम टिकाऊ, पण बराचसा स्प्रिंगसारखा वागतो. मऊ घेतला तर दणक्याखाली पार चपटा होतो, मग पुढचा सगळा मार हाड खातं. कडक घेतला तर मार आत पोहोचवायचं काम तोच करतो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे स्पंजात, बुडबुडे एकमेकांना जोडलेले असतात. दाबला की हवा निसटते आणि तो बसतो. दणक्यापुढे एकटा स्पंज म्हणजे काहीच नाही.

डॉन्झिसने हा दुसरा, कुचकामी वाटणारा स्पंज उचलला आणि त्याला हवाबंद कापडात कोंडलं. त्याला १९८४ साली मिळालेल्या एका पेटंटात ही रचना आहे: उघड्या छिद्रांच्या फोमचे एकावर एक थर, आणि सगळ्यांभोवती हवा जाऊ न देणारं आवरण. आता हवेला बाहेर वाट नाही. मार बसला त्या जागची हवा फोमच्या असंख्य बारीक छिद्रांतून वाट काढत शेजारी सरकते, आणि सरकताना अडखळते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने अर्धवट दाबून पाहिलेल्याला हे सांगायला नको. दांडा हळू ढकला तर आत जातो, जोरात ढकला तर हवाच भिंतीसारखी उभी राहते. खेळाडू सावकाश वळला, वाकला, हात वर नेला तर जाकीट मऊ. बॅट आली तर तेच जाकीट कडक. आणि कडक झालं तरी हाडासारखं नाही, कारण आतला दाब एका जागी न राहता आख्ख्या कप्प्यात पसरतो. दोन बोटं रुंदीचा घाव तळहातांएवढ्या जागेवर वाटला जातो, आणि बसायला थोडा अधिक वेळ घेतो.

या थोड्या अधिक वेळातच सगळं आहे. तोच वेग थोपवायचा असेल तर थोपवायला दुप्पट वेळ मिळाला की सरासरी बल निम्मं होतं. बरगडी मोडणं आणि बरगडी नुसती ठणकणं यांच्यात फरक असतो तो एका सेकंदाच्या काही हजाराव्या भागांचा. डॉन्झिसने ते भाग हवेकडून मिळवले. हवेला वजन जवळजवळ नाही, आणि ती हात वर न्यायच्या आड येत नाही.

या जाकिटाला ‘फ्लॅक जॅकेट’ म्हणू लागले. मूळचं फ्लॅक जॅकेट दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेक्या विमानांच्या वैमानिकांचं. अमेरिकी हवाई दलाचे वैद्यकीय अधिकारी माल्कम ग्रो यांनी जखमांचा अभ्यास केला. बऱ्याच जखमा विमानविरोधी तोफगोळ्यांच्या मंदगती तुकड्यांनी होतात हे त्यांनी ओळखलं आणि कापडात पोलादी पट्ट्या शिवून घेतल्या. तिथे तुकडा शरीरात घुसू द्यायचा नव्हता. फुटबॉलमध्ये काही घुसत नाही, नुसतं आदळतं, म्हणून तिथे पोलादाचा उपयोग नव्हता.

२४ डिसेंबर १९७८ या दिवशी ऑइलर्स मायामीत डॉल्फिन्सविरुद्ध उतरले. मोडक्या बरगड्यांवर ते जाकीट बांधून पास्टोरिनीने २९ पैकी २० फेकी अचूक पोहोचवल्या, एकूण ३०६ यार्डांच्या. ऑइलर्स १७-९ असे जिंकले. आठवडाभराने, ३१ डिसेंबरला, न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध दुसऱ्याच सत्रात त्याच्या तीन फेकींवर टचडाउन झाले आणि सामना ३१-१४ असा खिशात पडला. तिसरा सामना ७ जानेवारी १९७९ ला पिट्सबर्गमध्ये, गारठवणाऱ्या पावसात. चेंडू हातात ठरत नव्हता, पास्टोरिनीच्या पाच फेकी विरोधकांनी पकडल्या आणि ऑइलर्स ३४-५ असे भुईसपाट झाले. जाकिटाने बरगड्या राखल्या. निसरड्या चेंडूवर त्याच्याकडे इलाज नव्हता. पण तोवर ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहिलं होतं. खांद्याच्या पॅडला पट्ट्यांनी अडकवून खाली बरगड्यांवर बांधायचं हे जाकीट हळूहळू क्वार्टरबॅकच्या पोशाखात रुळलं. २०११ साली पास्टोरिनीचं आत्मचरित्र आलं, त्याच्या नावातही हे ‘फ्लॅक’ आहे. कोंडलेल्या हवेची कल्पना खांद्याच्या पॅडांतही शिरली: वर दणका पसरवणारं कवच, खाली दणक्याला उशीर लावणारी हवा.

इथेच थांबलं असतं तर ही निव्वळ विजयाची कथा झाली असती. पण ज्याला खांद्याची भीती उरत नाही तो खांदा अधिक जोराने घालतो. टणक कवच घालणाऱ्याला वाचवतं आणि समोरच्याला लागतं. खांदे आणि बरगड्या सुरक्षित वाटू लागल्या, माणसं अधिक भारी आणि चपळ झाली, आणि धडकेचा हिशेब डोक्यापर्यंत गेला. तिथे मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो आणि बाहेरच्या कुठल्याही पॅडचा हात तिथवर पोहोचत नाही. याचा दोष मी पॅडवर टाकणार नाही. पण पॅड करणाऱ्याने हे धरूनच पॅड केला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी अडचण तर या हवाबंद कापडातूनच आली. जे कापड हवा जाऊ देत नाही ते घामही जाऊ देत नाही. सराव सुरू होतो तो भर उन्हाळ्यात, आणि छाती, पाठ, खांदे हेच तर उष्णता बाहेर टाकणारे मोठे भाग. २००१ च्या जुलैत फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघातला एक अठरा वर्षांचा खेळाडू सरावानंतर कोसळला आणि उष्माघाताने गेला. त्यानंतर काही दिवसांतच, १ ऑगस्टला, मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोरी स्ट्रिंजर गेला. तो २७ वर्षांचा होता.

फ्लोरिडा विद्यापीठातल्या भूलशास्त्र विभागातले निकोलाउस ग्रेव्हनस्टाइन आणि सेम लॅम्पोटँग यांनी मग हा प्रश्न हाती घेतला. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या रुग्णाचं तापमान सांभाळणं हे भूलतज्ज्ञाचं रोजचं काम, त्यामुळे त्यांची नजर या प्रश्नावर पडली यात नवल नाही. खेळाडू बाकावर येतो तेव्हा पॅड उतरवायला वेळ नसतो: जर्सी घट्ट, पट्टे आवळलेले, आणि कुठल्याही मिनिटाला परत बोलावणं. म्हणून त्यांनी पॅड अंगावर ठेवूनच आत थंड, कोरडी हवा सोडायची सोय केली. मदतनीस नळी आणतो, पॅडला जोडतो, हवा कवचाखालून छाती-पाठीवरून फिरते आणि घाम सुकवत बाहेर पडते. हवा कोरडी असणं तिच्या थंडपणाइतकंच महत्त्वाचं, कारण शरीर निवतं ते मुख्यतः घाम उडून गेल्याने. त्यासाठी हवेला आत यायला आणि बाहेर जायला वाट ठेवावी लागते. दणक्यासाठी कोंडलेली हवा आणि घामासाठी वाहती हवा, दोन्ही एकाच पॅडमध्ये, कमीत कमी वजनात आणि हात डोक्यावर नेता येईल अशा मापात बसवायची, हे पॅड करणाऱ्यांचं आजचं काम आहे.