हळू आवाजातलं प्रेम

अरुण दाते मराठी गायला तयार नव्हते. इंदूरमध्ये वाढलेला हा तरुण आकाशवाणीवर उर्दू गझला गायचा. आपले मराठी उच्चार लोकांना रुचतील का, ही धास्ती त्याच्या मनात होती. पण त्याचा आवाज रेडिओवर ऐकलेले संगीतकार श्रीनिवास खळे मागे हटले नाहीत. त्यातून 1962 साली ‘शुक्रतारा’ हे गाणं झालं.

या गाण्यामागची माणसं कुठकुठची! कवी मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे. खळ्यांचं बालपण बडोद्यात गेलेलं. सोबत गाणाऱ्या सुधा मल्होत्रा जन्माने दिल्लीच्या, हिंदी चित्रपटांत नाव कमावलेल्या. मराठी घराघरांत आपलं मानलं गेलेलं हे प्रेमगीत अशा चार दिशांनी जमून आलं.

मराठीत असं हळू आवाजातलं गाणं शक्य झालं, त्यात मायक्रोफोनचा मोठा हात आहे. संगीत नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागे, त्यामुळे प्रेमही खड्या स्वरात व्यक्त होई. ध्वनिमुद्रण आणि रेडिओ आले, तसा गायक थेट ऐकणाऱ्याच्या कानाशी आला. 1930 च्या दशकात मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची कविता जी. एन. जोशींनी तबकडीवर गायली, पुढे गजानन वाटव्यांनी कविता गावोगावी नेली आणि भावगीत रुजलं. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत. तेवढ्यात एकच भाव धरायचा आणि तो सुटू द्यायचा नाही, ही शिस्त तिथूनच आली.

दात्यांच्या गळ्याला हे माध्यम अगदी मानवलं. कुमार गंधर्वांकडे सुरुवातीचे धडे, गझलेची सवय, आणि शब्द जपून उच्चारण्याची वृत्ती. त्यांच्या गाण्यात गायकीचा तोरा नाही. समोरच्या माणसाशी बोलावं तसे ते गातात आणि सुधाताई त्याच सुरात उत्तर देतात. ऐकणाऱ्याला आपण एका संवादाच्या अगदी जवळ बसलो आहोत असं वाटतं. त्या प्रेमात आर्जव आहे, हट्ट नाही. गाणं साठ वर्षांनंतरही जुनं वाटत नाही ते बहुधा यामुळेच. शिवाय गाण्यातली शुक्रताऱ्याची संध्याकाळ कुठल्याही गावाची असू शकते.

पुढे दात्यांच्या कार्यक्रमालाच ‘शुक्रतारा’ हे नाव मिळालं आणि त्याचे अडीच हजारांहून अधिक प्रयोग झाले. 6 मे 2018 रोजी दाते गेले. फर्माईश मात्र थांबलेली नाही. नाशिक रोडला गणपतीत किंवा कोजागिरीला एखाद्या सोसायटीत कराओके लागलं, की हे गाणं निघतंच. मग खळ्यांची खुबी कळते. ऐकताना सोपी वाटणारी चाल गायला घेतली की श्वासाची परीक्षा पाहते, आणि हौशी जोडपी दुसऱ्या अंतऱ्याला एकमेकांकडे बघत हसू लागतात. तोवर समोरच्या खुर्च्यांवरची मंडळी स्वतःच गायला लागलेली असतात.