तोंडातील चट्टा आणि निळा प्रकाश

नागपूरच्या कोणत्याही चौकातील पानठेल्यापाशी जरा थांबा. सुपारी, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून घोटण्याचे काम चाललेले दिसेल. हाच तो खर्रा! तो गालात धरला की त्यातील घातक द्रव्ये बराच वेळ एकाच जागी झिरपत राहतात. तंबाखूमुळे कर्करोग होतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले.

मग तोंडाचा कर्करोग लवकर कसा ओळखावा? तुम्ही म्हणाल, क्ष-किरणांनी! पण थोडा विचार करा. हाडात कॅल्शियम असते. त्याचा अणुक्रमांक २०. गालाच्या मऊ भागात मुख्यतः हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन; त्यांचे अणुक्रमांक १, ६ आणि ८. अणुक्रमांक वाढला की क्ष-किरणांचे शोषण झपाट्याने वाढते, म्हणून हाड उठून दिसते. पण गालाचे निरोगी अस्तर आणि त्यावरचा रोगट चट्टा हे दोन्ही हलक्या अणूंचेच. क्ष-किरणांना त्यांत फरक तो कसला दिसणार? रोग हाडात शिरल्यावर तो दिसतो. परंतु तोवर उशीर झालेला असतो.

सुदैवाने तोंड उघडता येते! तेथे साधा प्रकाशही उपयोगी पडतो, आणि निळा प्रकाश तर आणखी काही सांगतो. घरातील ट्यूबलाइट आठवा. आत निर्माण होणारे अदृश्य जंबुपार किरण काचेवरील लेप शोषून घेतो आणि दृश्य प्रकाश देतो. यालाच अनुस्फुरण म्हणतात. तोंडाच्या निरोगी अस्तरावर सुमारे ४०० ते ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश टाकला आणि योग्य गाळणीतून पाहिले, तर ते फिकट हिरवे चमकते. रोगाची सुरुवात झाली की अस्तराखालील कोलॅजन मोडते, रक्तपुरवठा वाढतो, आणि तेवढा भाग काळसर दिसतो. अर्थात साधी सूजही काळसर दिसू शकते. म्हणून शेवटचा निर्णय त्या जागेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच होतो.

हे उपकरण गावोगावी नसले तरी बिघडत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडे केवळ डोळ्यांनी तपासली. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले होते!

तेव्हा आज घरी एक प्रयोग करा. खर्रा खाणारे आजोबा, काका किंवा वडील यांना भरपूर उजेडात आरशासमोर बसवा. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून ती तोंडात जातात का, हे त्यांना पाहू द्या. जात नसतील, तर गालाचे अस्तर ताठर होऊ लागले असण्याचा संभव आहे. मग गालांची आतील बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहा. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखटाने होणारी आग, यांपैकी काहीही आढळले तर दंतवैद्याकडे जायलाच हवे. नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहेच.

काही आढळले नाही, तरी खर्रा सोडायचाच! प्रकाश रोग दाखवील. तो टाळणे मात्र आपल्याच हाती आहे.